यॉर्क फॅक्टरी
यॉर्क फॅक्टरी : कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील एक ऐतिहासिक फर-व्यापारी ठाणे. ते हडसन उपसागराच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर, हेझ नदीच्या मुखाशी, चर्चिल शहराच्या आग्नेयीस सु. २०० किमी. वर वसले होते. सु. पावणेतीनशे वर्षे (१६८४–१९५७) ते हडसन बे कंपनीच्या ताब्यात राहिले. मध्यंतरी काही काळ त्यावर फ्रेंचांचा अंमल होता. ‘फॅक्टरी’ या शब्दाचा येथील अर्थ कारखाना नसून ‘फॅक्टर’ या व्यापारी प्रतिनिधीचे निवासस्थान व कोठार, म्हणजेच वखार असा आहे. सुरत व राजापूर येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या वखारींनाही इंग्रज याच अर्थाने फॅक्टरी म्हणत.

स्थापना व संघर्ष : इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने २ मे १६७० रोजी दिलेल्या सनदेमुळे हडसन उपसागरास मिळणाऱ्या सर्व नद्यांच्या खोऱ्यांतील व्यापाराची मक्तेदारी या कंपनीस मिळाली. कंपनीचा पहिला गव्हर्नर प्रिन्स रूपर्ट याच्यावरून या विस्तीर्ण मुलखास ‘रूपर्ट्‌स लँड’ असे नाव पडले. तेथे पूर्वापार राहणाऱ्या जमातींची संमती मात्र कोणी विचारली नव्हती. १६८४ मध्ये हेझ नदीच्या मुखाशी ठाणे उभारण्यात आले आणि कंपनीचा तत्कालीन गव्हर्नर ड्यूक ऑफ यॉर्क (पुढे राजा दुसरा जेम्स) याचे नाव त्यास देण्यात आले. अंतर्भागातील सरोवरे व मैदाने यांच्याकडे जाण्यास हेझ नदीचा मार्ग शेजारच्या नेल्सन नदीपेक्षा होड्यांना सुलभ होता. फ्रेंचांनी ते १६९४ मध्ये जिंकले. इंग्रजांनी १६९६ मध्ये ते परत मिळविले. परंतु पुढच्याच वर्षी दीबरव्हील या सेनानीने ते पुन्हा घेतले. उत्रेक्तच्या तहानुसार (१७१३) ते कंपनीकडे परत आले. १७८२ मध्ये ला पेरूझ या फ्रेंच नौसेनानीने ते जाळले. पुढे पुराच्या धोक्यामुळे १७८८ नंतर अधिक उंचावरील सध्याची जागा निवडण्यात आली.

व्यापाराची पद्धती : या व्यापाराचा पाया बीव्हर हा जलस्थलवासी कृंतक प्राणी होता. त्याच्या बाह्य राठ केसांखाली दाट, मऊ लोकर असते. तिच्या तंतूंवर सूक्ष्म आकडे असल्याने ते एकमेकांत घट्ट गुंततात व त्यांपासून टिकाऊ नमदा तयार होतो. यूरोपात या नमद्याच्या हॅटना मोठी मागणी होती. मूळ रहिवासी बीव्हरच्या कातड्यांचे झगे करून ते केसांची बाजू आत ठेवून वापरीत. अशा वापराने राठ केस झडून केवळ लोकर उरे. म्हणून वापरलेला झगा कोऱ्या कातड्यापेक्षा हॅट करणाऱ्यांना सोयीचा वाटे.

नाण्यांचा वापर नसल्याने ‘मेड बीव्हर’ हे मूल्यमापनाचे एकक ठरविण्यात आले. पूर्ण वाढलेल्या बीव्हरचे, हिवाळ्यात मिळविलेले व नीट तयार केलेले एक कातडे म्हणजे एक मेड बीव्हर. मार्टेनची तीन कातडी एका बीव्हरच्या बरोबरीची मानीत. बंदुका, दारूगोळा, पितळी किटल्या, कुऱ्हाडी, घोंगड्या, मणी, ब्राझीलची तंबाखू व ब्रँडी यांच्या किंमतीही याच एककात सांगत. लंडनहून दरपत्रक येई. प्रत्यक्षात फॅक्टर त्याहून अधिक कातडी घेऊन जास्तीचा नफा राखीत.

तथापि सौदा एकतर्फी नसे. उन्हाळ्याच्या प्रारंभी क्री व असिनिबॉइन जमातींचे लोक भूर्ज वृक्षाच्या सालीच्या होड्यांतून शेकडो किमी. प्रवास करून येत. त्यांच्या नायकास कोट व अन्य भेटी देणे, सोबत चिलीम ओढणे व भाषणे करणे हे विधी पार पडल्याखेरीज व्यापारास आरंभ होत नसे. हलकी घोंगडी, ठिसूळ बंदूक किंवा अपुरे माप यांबद्दल नायक उघड तक्रार करी, व फ्रेंचांकडे जाण्याचा पर्याय त्याच्यापुढे असे. हे लोक बहुधा मध्यस्थ असत : यूरोपीय माल काही काळ वापरून ते तो दूरच्या जमातींना चढ्या भावाने विकीत व त्यांची कातडी ठाण्यावर आणीत.

दैनंदिन जीवन : अठराव्या शतकात ठाण्यावरील यूरोपीय नोकरवर्ग लहान होता. पुढे त्यांत स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांतील लोकांचा भरणा झाला. फॅक्टर, कारकून, सुतार, लोहार, पिंपे तयार करणारे व मजूर अशी त्यांची उतरंड होती. इंग्लंडहून जहाज वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात येई व समुद्र गोठण्यापूर्वी परतावे लागे. मालाची मागणी वर्षभर आधी कळवावी लागे. जहाज चुकल्यास पुढचा हिवाळा कठीण जाई. हिवाळ्यातील तीव्र थंडी आणि उन्हाळ्यातील डासांचे थवे यांची वर्णने येथील नोंदवह्यांत वारंवार आढळतात.

अशा परिस्थितीत ठाण्याचा निर्वाह आसपास वस्ती करून राहिलेल्या क्री कुटुंबांवर अवलंबून होता. ते रानहंस व कॅरिबू हरणे यांची शिकार पुरवीत. रानहंसांचे मांस खारवून पिंपांत साठवीत. बर्फावर चालण्याचे जाळीदार जोडे व मऊ कातड्याची पादत्राणे स्त्रिया तयार करीत. त्यांच्याशी संबंध ठेवण्यास कंपनीने प्रारंभी मनाई केली होती. तरी स्थानिक रूढीनुसार विवाह होत राहिले. थानाडेल्थर या डेने (चिपेवायन) स्त्रीच्या मध्यस्थीने १७१५–१६ मध्ये क्री व डेने यांच्यात समेट झाला आणि उत्तरेकडील व्यापाराचा मार्ग मोकळा झाला. १७१७ मध्ये तिचे याच ठाण्यावर निधन झाले.

उत्कर्ष व ऱ्हास : पुढे नॉर्थ वेस्ट कंपनीच्या रूपाने संघटित झालेल्या प्रतिस्पर्धी व्यापाऱ्यांच्या स्पर्धेमुळे हडसन बे कंपनीस किनारा सोडून अंतर्भागात ठाणी स्थापावी लागली; त्यांपैकी पहिले कंबरलंड हाऊस (१७७४) होय. १८२१ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाल्यावर यॉर्क फॅक्टरी उत्तर विभागाचे मुख्य केंद्र बनली. येथून ‘यॉर्क बोट’ या वल्ह्यांच्या भक्कम होड्यांतून माल आत जाई. याच काळात १८३० च्या दशकात ‘डेपो’ ही प्रचंड लाकडी कोठाराची इमारत उभारण्यात आली. कायम गोठलेल्या जमिनीच्या हालचालींबरोबर तिलाही हलता यावे म्हणून ती पक्क्या पायाशिवाय बांधलेली आहे.

विलीनीकरणाने स्पर्धा संपली आणि तिच्याबरोबर मूळ रहिवाशांची भाव ठरविण्याची शक्तीही घटली. १७८१–८२ मधील देवीच्या साथीने त्यांची संख्या आधीच रोडावली होती. अतिशिकारीने बीव्हरही दुर्मिळ होत गेला. पूर्वी ठाणे त्यांच्या शिकारीवर जगे. आता दारूगोळा व उधारीसाठी त्यांनाच ठाण्याकडे पाहावे लागले. रेशमी हॅटची फॅशन आल्याने बीव्हरची मागणीही उतरली. १८७० मध्ये रूपर्ट्‌स लँड कॅनडाकडे हस्तांतरित झाला व कंपनीस ३ लाख पौंड मिळाले. त्या व्यवहारात मूळ रहिवाशांना वाटा नव्हता. दक्षिणेकडील आगबोटी व लोहमार्ग यांमुळे हेझचा जलमार्ग मागे पडला.

१९५७ मध्ये ठाणे बंद झाले. कंपनीच्या दृष्टीने तो एका तोट्याच्या शाखेचा शेवट होता. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या क्री समाजाला मात्र समुद्रकिनारा व शिकारीचे प्रदेश सोडून अंतर्भागातील यॉर्क लँडिंग येथे स्थलांतर करावे लागले. ठाण्याची जागा १९३६ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली होती. डेपोची इमारत तेथे अद्याप उभी आहे. हडसन बे कंपनीची दुकाने २०२५ मध्ये बंद पडली. तिच्या वखारींतील नोंदवह्या विनिपेग येथील अभिलेखागारात जतन केलेल्या असून २००७ मध्ये यूनेस्कोने त्यांचा जागतिक स्मृतिसूचीत समावेश केला. त्या फॅक्टरांनी लिहिल्या असल्या, तरी शिकार, अन्नपुरवठा व वाटाघाटी यांच्या दैनंदिन नोंदींमुळे क्री लोकांच्या कर्तृत्वाचाही तो एक महत्त्वाचा पुरावा ठरतो.