पट्ट्यांची वाद्ये आणि शाळेतला वर्ग

वडिलांच्या बदलीमुळे वयाच्या सहाव्या वर्षी मी ओडिशातील एका शाळेत जाऊन बसलो, तेव्हा मला तेथील भाषेचा एक शब्दही येत नव्हता. शाळेत एक पेटी होती. पण ती कपाटात कुलूपबंद असे, आणि समारंभाच्या दिवशी बाहेर निघाली तरी गाणारी चार मुलेच तिच्याभोवती बसत. उरलेल्यांनी ऐकावयाचे. भाषा नाही आणि गळाही नाही, अशा मुलाचे वर्गात स्थान कोणते? ह्या प्रश्नाचे एक उत्तर मला पुढे इतिहास वाचताना महायुद्धोत्तर जर्मनीत सापडले, आणि तेही नभोवाणीने दिलेले!

कार्ल ऑर्फ हा संगीतकार 'कार्मिना बुराना' ह्या रचनेमुळे सर्वांस ठाऊक आहे. त्याने 1924 साली डोरोथे ग्युंटर ह्या विदुषीसह म्यूनिक येथे एक विद्यालय काढले. तेथे तरुण मुलींना व्यायाम, नृत्य आणि संगीत ही एकत्र शिकविली जात. नाचणाऱ्यांनीच वाजवावे, तर वाद्य सोपे हवे. तेव्हा आफ्रिकेतील आणि जावा बेटातील वाद्यांवरून स्फूर्ती घेऊन कार्ल मेंडलर ह्या कारागिराने ठोकून वाजवावयाची लाकडी आणि धातूच्या पट्ट्यांची वाद्ये घडविली. नाझी राजवटीत ऑर्फचे वर्तन निष्कलंक होते काय, ह्याविषयी आजही वाद आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या सोहळ्यासाठी त्याने आणि त्याची सहकारी गुनिल्ड केटमन हिने संगीत दिले होते, हे विसरता येत नाही. 1944 मध्ये विद्यालय बंद पडले, आणि 1945 च्या बाँबवर्षावात इमारतीबरोबर बहुतेक वाद्येही नष्ट झाली.

सारे संपले असे वाटत असता विद्यालयाची एक जुनी ध्वनिमुद्रिका म्यूनिक नभोवाणीच्या लोकांच्या कानी पडली. असेच संगीत मुलांनी स्वतः वाजवावे म्हणून लिहाल काय, अशी त्यांनी ऑर्फकडे विचारणा केली. 15 सप्टेंबर 1948 रोजी पहिला कार्यक्रम प्रक्षेपित झाला. मोजकेच कार्यक्रम योजिले होते. ते पुढे सुमारे पाच वर्षे चालले. मुलांना वाजविण्यास शिकविण्याचा भार केटमनने वाहिला. तिचे नाव मात्र ऑर्फच्या छायेत राहिले, हा अन्यायच म्हणावयाचा. त्या काळी बव्हेरियात पूर्वेकडून हुसकून लावलेल्या निर्वासितांची दाटी झाली होती. शाळांत निरनिराळ्या बोलींची मुले एका बाकावर बसत. कार्यक्रम ऐकून शाळा वाद्ये मागू लागल्या. पण लाकूड मिळेना. क्लाउस बेकर ह्या तरुणाने मिळेल त्या सामग्रीतून ती बनविली आणि 1949 मध्ये स्वतःचा कारखानाच उभारला.

ह्या वाद्यांची खुबी अशी, की त्यांच्या पट्ट्या सुट्या निघतात. आपल्या भाषेत सांगावयाचे तर 'म' आणि 'नी' काढून ठेवले, की सा, रे, ग, प, ध एवढेच उरतात. हे भूपाचेच स्वर! मग मुलाने कोठेही टोला मारला तरी कानाला खुपेल असा स्वर निघत नाही. एक मूल तंबोऱ्यासारखे सा-प धरून राहते, दुसरे तीन-चार स्वरांची एकच ओळ घोळविते, तिसरे त्यावर मनास येईल ते वाजविते. नुकतेच आलेले मूल पहिल्याच दिवशी सा-प धरू शकते. त्यासाठी त्याला शिक्षकाचे वाक्य समजावे लागत नाही, शेजाऱ्याचा हात पाहिला की पुरे. शब्दांपासूनही लय निघते. मुलांची नावे, बडबडगीते ह्यांचे आघात आधी टाळ्यांनी आणि मग वाद्यावर वाजवावयाचे. आपले नाव साऱ्या वर्गाने वाजविले, ह्याचे सुख परक्या मुलालाच कळेल.

1950 ते 1954 ह्या काळात ह्या पद्धतीचे पाच खंड प्रसिद्ध झाले. कॅनडात टोरोंटो येथे डोरीन हॉल आणि आर्नोल्ड वॉल्टर ह्यांनी त्यांचे इंग्रजी रूपांतर हाती घेतले, तेव्हा जर्मन गाण्यांच्या जागी इंग्रजी बडबडगीते घालावी लागली. त्यांचे आघात निराळे पडत असल्यामुळे लयीही बदलल्या. पट्ट्या तेवढ्या होत्या तशाच राहिल्या.