गोदाम ते क्लाऊड : मानकोलीच्या संदर्भात साठवण-केंद्रित आभासी संगणकांच्या निवडीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मुंबई-नाशिक महामार्गाने ठाणे शहर सोडून खाडी ओलांडली की भिवंडी तालुक्यातील मानकोली नाका लागतो. भातशेतीच्या या पट्ट्यात मानकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर इत्यादी गावांच्या हद्दीत आज गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. कापड, औषधे, विद्युत उपकरणे आणि ऑनलाइन विक्रीचा माल येथे उतरतो, काही काळ थांबतो आणि पुढे रवाना होतो. मालाच्या या प्रत्येक हालचालीची नोंद पूर्वी स्टॉक रजिस्टरात आणि चलनाच्या स्थळप्रतीवर होत असे. आता बारकोड वाचला जाताच ती संगणकात होते. त्यामुळे मालाच्या साठवणुकीबरोबरच माहितीच्या साठवणुकीचा प्रश्न उभा राहिला आहे. ही माहिती पुष्कळदा क्लाऊडमधील भाड्याच्या आभासी संगणकांवर, म्हणजे व्हर्च्युअल मशीनवर, ठेवली जाते. अशा संगणकांपैकी मोठ्या साठवणुकीसाठी खास घडविलेल्या प्रकारांचा उदय कसा झाला आणि त्यांच्या निवडीविषयी हा इतिहास काय शिकवितो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

उद्दिष्टे :

१. साठवणुकीचे स्थान ठरविणाऱ्या घटकांचा मानकोलीच्या संदर्भात विचार करणे.
२. साठवण-केंद्रित आभासी संगणकांच्या विकासाचे टप्पे पाहणे.
३. या इतिहासाच्या आधारे निवडीचे निकष मांडणे.

मानकोली आणि साठवणुकीचे स्थान :

मानकोली परिसरात गोदामे का उभी राहिली, याचे उत्तर केवळ स्वस्त जमीन एवढेच नाही. मुंबईची बाजारपेठ येथून काही तासांच्या अंतरावर आहे. १९८९ मध्ये सुरू झालेले न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर आणि नाशिककडे जाणारा महामार्ग यांच्याशी हा भाग जोडलेला आहे. शिवाय ही गावे मुंबई महानगरपालिकेच्या जकात हद्दीबाहेर होती. माल हद्दीबाहेर ठेवून मागणीनुसार शहरात नेल्यास जकात त्या वेळी आणि तेवढ्याच मालावर भरावी लागे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबईची जकात संपुष्टात आली. तरीही गोदामे हटली नाहीत. उलट, प्रत्येक राज्यात स्वतंत्र लहान गोदाम ठेवण्याचे करविषयक कारण उरले नाही आणि मोक्याच्या ठिकाणच्या मोठ्या गोदामांचे महत्त्व वाढले. याचा अर्थ असा की, साठवणुकीचे स्थान क्षेत्रफळावर कमी आणि माल किती लवकर, किती खर्चात बाहेर काढता येतो यावर अधिक अवलंबून असते.

गोदामाच्या अंतर्गत रचनेतही हेच तत्त्व दिसते. वारंवार मागणी असलेला माल मालमोटार लागते त्या फलाटाजवळ ठेवतात आणि क्वचित लागणारा माल मागच्या रॅकवर जातो. जवळची जागा मर्यादित असते, म्हणून ती मौल्यवान ठरते. माहितीच्या साठवणुकीतही जवळ आणि दूर हाच मूळ भेद आहे.

पूर्वपीठिका :

१९५६ मध्ये आयबीएम कंपनीने ३५० रॅमॅक हे चकतीवर माहिती साठविणारे यंत्र आणले. २४ इंच व्यासाच्या ५० चकत्यांवर त्यात ५० लाख अक्षरे मावत. तोपर्यंत प्रचलित असलेल्या चुंबकीय फितीवरील हवी ती नोंद काढण्यासाठी आधीची फीत उलगडावी लागे. चकतीवर मात्र कोणत्याही नोंदीपर्यंत थेट जाता येऊ लागले. क्रमाने वाचणे आणि कोठूनही वाचणे हा भेद येथे स्पष्ट झाला आणि आजच्या निवडीतही तोच निर्णायक आहे.

भाड्याच्या संगणकांचे आजचे रूप २००६ मध्ये आकाराला आले. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-३ ही साठवण सेवा आणि ऑगस्ट २००६ मध्ये ईसी-२ ही आभासी संगणकांची सेवा सुरू केली. ईसी-२ च्या आरंभीच्या संगणकाला १६० गिगाबाइटची स्थानिक डिस्क होती आणि तासाला दहा सेंट भाडे होते. परंतु ही डिस्क तात्पुरती होती. संगणक सोडून दिला किंवा त्याखालचे यंत्र बिघडले, की तिच्यावरील माहिती नाहीशी होई. या उणिवेवर उपाय म्हणून ऑगस्ट २००८ मध्ये ईबीएस ही सेवा आली. तीत डिस्क संगणकापासून वेगळी ठेवून जाळ्याद्वारे जोडली जाई. माहिती टिकू लागली, पण प्रत्येक वाचन-लेखनासाठी जाळ्यातून ये-जा करावी लागू लागली. टिकाऊपणा मिळविताना जवळीक गमावली गेली.

साठवण-केंद्रित संगणकांचा उदय :

२००३ मध्ये गूगलने आपल्या फाइल प्रणालीवरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. माहिती अनेक साध्या यंत्रांवर वाटून तिच्या प्रती ठेवायच्या, म्हणजे एक यंत्र बंद पडले तरी काम थांबत नाही, हा विचार त्यातून रूढ झाला. २००६ पासून विकसित झालेल्या हडूपने तो सर्वांना खुला केला. हडूपच्या फाइल प्रणालीत प्रत्येक खंडाच्या सर्वसाधारणपणे तीन प्रती ठेवल्या जातात. प्रती अन्यत्र आहेत म्हटल्यावर स्थानिक डिस्कचा तात्पुरतेपणा सह्य झाला आणि तिचा वेग वापरण्याची वाट मोकळी झाली.

या पार्श्वभूमीवर जुलै २०१२ मध्ये ॲमेझॉनने एचआय-१ हा प्रकार आणला. त्यात प्रत्येकी एक टेराबाइटच्या दोन एसएसडी होत्या आणि सेकंदाला एक लाख वीस हजारांहून अधिक विखुरलेली वाचने करण्याची क्षमता होती. नेटफ्लिक्सने कॅसान्ड्रा या डेटाबेससाठी त्याच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एचएस-१ आला. त्यात दोन टेराबाइटच्या २४ हार्ड डिस्क, म्हणजे एकूण ४८ टेराबाइट साठवण होती. पाच महिन्यांच्या अंतराने आलेल्या या दोन प्रकारांतून दोन वंशशाखा निघाल्या. एक शाखा वेगाची : २०१३ चा आय-२, २०१७ चा एनव्हीएमई डिस्क असलेला आय-३ आणि २०२२ चा आय-४-आय. दुसरी शाखा घनतेची : २०१५ चा डी-२ आणि २०२० चा डी-३-ईएन, ज्याच्या सर्वांत मोठ्या आकारात ३३६ टेराबाइट मावतात. मायक्रोसॉफ्टची एल-मालिका आणि गूगलचा २०२४ मधील झेड-३ हे याच परंपरेतील होत.

भारतातील स्थानाचा प्रश्न :

एप्रिल २०१० मध्ये ॲमेझॉनचे सिंगापूर केंद्र सुरू झाले आणि पुढील काही वर्षे भारतीय ग्राहकांना तेच जवळ होते. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, चेन्नई व मुंबई येथे, ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाऊड केंद्रे सुरू केली. समुद्राखालून येणाऱ्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, ही बाब या स्थाननिवडीत महत्त्वाची होती. एप्रिल २०१८ मध्ये भारतीय रिझर्व्ह बँकेने पैशांच्या देवघेवीची माहिती भारतातच साठविण्याचा आदेश काढला. जकातीच्या हद्दीने जशी मालाची जागा ठरविली, तशी कायद्याच्या हद्दीने माहितीची जागा ठरविण्यास सुरुवात झाली.

निवडीचे निकष :

वरील इतिहासावरून चार निकष मांडता येतात.

पहिला निकष वाचनाच्या स्वरूपाचा आहे. गोदामातील मालाची क्षणोक्षणी बदलणारी शिल्लक पाहणे म्हणजे असंख्य लहान, विखुरलेली वाचने होत. त्यासाठी वेगाची शाखा योग्य ठरते. उलट, जुन्नर तालुक्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीचे उदाहरण घेता येईल. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांकडून येणारी नोंद लांबलचक आणि सलग असते. अशी माहिती क्रमाने वाचून तिचे विश्लेषण करण्यास घनतेची शाखा पुरेशी व स्वस्त ठरते.

दुसरा निकष माहितीच्या वयाचा आहे. जुनी चलने, पावत्यांच्या प्रतिमा किंवा कॅमेऱ्याचे चित्रण क्वचितच पाहिले जाते. त्यासाठी साठवण-केंद्रित संगणक घेणे म्हणजे फलाटाजवळची जागा मागच्या मालाने अडविणे होय. अशा माहितीला एस-३ सारखी स्वतंत्र साठवण सेवाच उचित आहे.

तिसरा निकष भाड्याचा आहे. या यंत्रांत डिस्क आणि प्रक्रियाशक्ती एकत्रच घ्यावी लागते. काम नसताना यंत्र थांबविले तर स्थानिक डिस्कवरील माहिती जाते आणि चालू ठेवले तर भाडे पडत राहते. म्हणून ज्या कामाला खंड नाही, तेथेच ती परवडतात.

चौथा निकष नाशाचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. भिवंडी परिसरात गोदामांना आगी लागण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत. जळालेल्या मालाचा दावा करताना कोणता माल किती होता, हे नोंदीवरूनच सिद्ध करावे लागते. नोंदही एकाच ठिकाणी असेल तर व्यापाऱ्याबरोबरच त्या गाळ्यावर रोजी मिळविणारे माथाडी व हमाल यांच्या कामाचा हिशेबही पुसला जातो. क्लाऊडमधील यंत्रही बिघडते. सेकंदाला १० गिगाबिट वेगाच्या जाळ्यावरून ४८ टेराबाइट माहिती नव्या यंत्रावर भरण्यास, वेग अखंड राहिला असे मानले तरी, साडेदहा तासांहून अधिक लागतात. त्या अवधीत दुसरी प्रत उपलब्ध नसेल तर काम ठप्प होते आणि ती मुळातच नसेल तर माहिती कायमची जाते. त्यामुळे यंत्र मोठे घेण्यापूर्वी ते गेल्यास किती काळ थांबावे लागेल, याचा हिशेब करणे अगत्याचे आहे.

निष्कर्ष :

साठवण-केंद्रित आभासी संगणकांचा इतिहास म्हणजे जवळीक आणि टिकाऊपणा यांच्यातील ओढाताणीचा इतिहास आहे. २००६ मध्ये माहिती जवळ होती पण क्षणभंगुर होती. २००८ मध्ये ती टिकाऊ झाली पण दूर गेली. २०१२ नंतर ती पुन्हा जवळ आली, मात्र अन्यत्र प्रती आहेत या गृहीतावर. हे गृहीत विसरून केवळ टेराबाइटचा आकडा आणि भाड्याचा दर पाहून केलेली निवड धोक्याची ठरते. मानकोलीच्या गोदामांचा अनुभवही याहून निराळा नाही. किती मावते याबरोबरच ते किती लवकर हाती येते आणि गोदामच राहिले नाही तर काय उरते, हे प्रश्न तेथेही विचारावे लागतात. यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तयार असेल, तरच पहिल्या दोहोंच्या उत्तरांना अर्थ राहतो.