तेविसाव्या वर्षाचे गाणे

आमच्या घरात आजोबा, वडील आणि मी असे तिघे नाट्यसंगीताचे वेडे. पण तिघांचे नाट्यसंगीत एक नव्हते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले.

१९८९ साली मॉरिस होल्ब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या अमेरिकी अभ्यासकांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनी १६ ते ८६ वर्षे वयाच्या १०८ जणांना १९३२ ते १९८६ या काळातल्या २८ लोकप्रिय गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि आवडीप्रमाणे गुण द्यायला सांगितले. हिशेब निघाला तो असा : आपण साधारण साडेतेवीस वर्षांचे असताना जी गाणी गाजत असतात, ती आपल्याला जन्मभर सर्वांत जास्त आवडतात.

हे वाचले आणि मी प्रथम आजोबांचे जन्मसाल आठवले. १८९८. म्हणजे ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला तेव्हा ते ऐन तेविशीत होते, आणि थिएटरात होते. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. आजोबांच्या लेखी संगीत नाटक तिथेच संपले. निदान आम्हाला तसे वाटे.

वडील १९२५ सालचे. त्यांना समजू लागले तोवर नाटक कंपन्यांची उतरती कळा सुरू झाली होती. १९३१ साली 'आलम आरा', पुढच्याच वर्षी 'अयोध्येचा राजा'. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' आले, तेही मोजक्या, भावगीताच्या वळणाच्या पदांसह. संगीत केशवराव भोळ्यांचे. खुद्द बालगंधर्व 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त एकनाथ झाले. त्यामुळे वडिलांना गंधर्व भेटले ते तबकडीवर. ७८च्या तबकडीची एक बाजू जेमतेम सव्वातीन मिनिटांची. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत जे पद फुलत जाई, ते तेवढ्यात बसवायचे. वडिलांना त्यातला श्वास न् श्वास पाठ होता. ग्रामोफोन सुरू झाला की आजोबा उठून ओसरीवर जात. जाताना म्हणत, "हे गाणं नव्हे रे, गाण्याचा पत्ता आहे." वडिलांना ते फार लागे.

पिढ्यांच्या भांडणाविषयी लिहिताना आपण जुने गाणे विरुद्ध नवे गाणे अशी मांडणी करतो. आमच्या घरी गायक तोच, पद तेच आणि भांडण मात्र वर्षानुवर्षांचे!

१५ जुलै १९६७ रोजी बालगंधर्व गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' रंगभूमीवर आले. पुढच्या वर्षी मी आजोबांना घेऊन गेलो. ते सत्तरीचे, मी सोळाचा. पहिल्या अंकानंतर ते घरी चला म्हणतील याची मला खात्री होती. एकही पद त्यांच्या ओळखीचे नव्हते, चाली जितेंद्र अभिषेकींच्या. पण वसंतराव देशपांडे खाँसाहेब होऊन गाऊ लागले, एकेक जागा घेऊन भलतीकडेच वळू लागले, तसे आजोबा खुर्चीत पुढे सरकले. वन्समोअरसाठी पहिला हात त्यांचा. घरी येईपर्यंत गंधर्वांचे नावही काढले नाही. सकाळी वडिलांना म्हणाले, "पुढच्या प्रयोगाची तिकिटं बघ." त्या वेळी माझी परीक्षा होती, म्हणून वडील गेले. परत आल्यावर म्हणाले, "गातात छान, पण लांबवतात फार."

त्या निबंधात मला अडचण दिसते ती इथे. अभ्यासकांनी ऐकवले ते गाण्यांचे तुकडे. तुकड्याने ओळखीचे गाणे मोजता येते. ऐकण्याची रीत मोजता येत नाही. तेविसाव्या वर्षी आजोबांच्या मनात पक्के बसले होते ते 'मानापमान'चे एखादे पद नव्हते. गाणे आज, इथे, आपल्यासमोर घडले पाहिजे, ही अपेक्षा बसली होती. ती पुरी करणारा माणूस सत्तेचाळीस वर्षांनी भेटला, एवढेच. वडिलांची अपेक्षाही तितकीच पक्की होती. त्यांना 'मत्स्यगंधा'तली पदे मनापासून आवडत. ती १९६४ची, अभिषेकींचीच, पण आटोपशीर. १९६० साली 'पंडितराज जगन्नाथ' आणि 'सुवर्णतुला' आल्यापासून संगीत नाटकाला पुन्हा बरे दिवस आले, त्याचे श्रेय नाटककारांना आणि गायकांना द्यावेच. पण त्या प्रेक्षागृहांत शेजारी शेजारी बसलेले हे दोन प्रकारचे कानही मला महत्त्वाचे वाटतात.

माझे तेविसावे वर्ष १९७५चे. २०१५च्या दिवाळीत 'कट्यार'वरचा चित्रपट आला, तो मुलीबरोबर पाहिला. बाहेर पडताना सवयीने म्हणालो, "तुम्ही वसंतरावांना ऐकायला हवं होतं."

"बाबा, तुम्ही प्रत्यक्ष किती वेळा ऐकलंत?"

एकदाच. आजोबांच्या शेजारी बसून. बाकी सगळे कॅसेटवर.