उद्याचे अक्षर, शिशात ओतलेले

अंतराळयान म्हटले की त्यावरची अक्षरेही आपल्या डोळ्यांपुढे येतात. रुंद, ठाशीव, कोपरे गोलावलेली. हे वळण इतके ओळखीचे झाले आहे, की ते कुणीतरी बसून घडवले असेल हे आपल्या मनातही येत नाही. त्याचे नाव युरोस्टाइल, आणि ते भविष्यकाळासाठी घडवलेलेच नव्हते!

इटलीतल्या तुरिन शहरात नेबिओलो नावाची टाईप फाऊंड्री होती. छापखान्यांसाठी खिळे ओतणे हा तिचा धंदा. तिथे १९५२ मध्ये अलेस्सांद्रो बुत्ती आणि आल्दो नोव्हारेसे यांनी ‘मायक्रोग्रामा’ हे वळण तयार केले. त्यात फक्त कॅपिटल अक्षरे होती. १९६२ मध्ये नोव्हारेसे यांनी त्याला स्मॉल अक्षरांची जोड दिली, जाड आणि अरुंद रूपे दिली. तेच युरोस्टाइल.

त्याआधी १९२७ मध्ये जर्मनीत पॉल रेनर यांचे ‘फ्युचुरा’ आले होते. त्याचा ‘ओ’ कंपासने काढल्यासारखा गोल. युरोस्टाइलचा ‘ओ’ मात्र ना गोल, ना चौकोनी. काचेच्या फुगीर पडद्याचा जुना टीव्ही आठवा. अगदी तोच आकार. त्या काळी युरोपातल्या घराघरांत टीव्ही येत होता. नोव्हारेसे यांनी उद्याची कल्पना लढवली नाही. भोवतालच्या नव्या वस्तूंचा आकार अक्षरांत आणला.

मग हे अक्षर अंतराळात गेले कसे? सिनेमाने नेले. १९६८ मध्ये स्टॅन्ले कुब्रिक यांचा ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ आला. त्यातल्या यानाच्या यंत्रांवर युरोस्टाइलचे रुंद, जाड रूप झळकले. पुढे कितीतरी विज्ञानपटांनी तोच कित्ता गिरवला. २००९ च्या ‘मून’मधल्या चंद्रावरच्या तळावरही तेच अक्षर आहे. गंमत अशी, की १९६९ मध्ये माणूस खरोखर चंद्रावर उतरला, तेव्हा तिथे ठेवलेल्या पाटीवरचा मजकूर होता फ्युचुरामध्ये!

इकडे पृथ्वीवर वेगळेच घडत होते. फोटोटाईपसेटिंग आले, खिळ्यांचा जमाना सरला, आणि नेबिओलोची फाऊंड्रीही बंद पडली. उद्याचे म्हणून जगाने डोक्यावर घेतलेले अक्षर ज्या धंद्यातून आले, त्या धंद्यालाच उद्या उरला नव्हता. नोव्हारेसे १९९५ मध्ये गेले. अक्षर मात्र संगणकावर जाऊन बसले.

मला यात एक धोक्याची सूचना दिसते. २००१ साल येऊन गेले. फुगीर पडद्याचे टीव्ही भंगारात गेले. तरीही भविष्य दाखवायचे म्हटले की चित्रकाराचा हात आजही साठ वर्षांपूर्वीच्या अक्षराकडे वळतो. आपण ज्याला भविष्य म्हणतो, ते बरेचदा आपल्या आधीच्या पिढीने पाहिलेले भविष्य असते. नोव्हारेसे यांनी निदान आपल्या काळाकडे डोळे उघडून पाहिले होते. आपल्या काळाचा आकार कोणता, हे आपल्यालाच शोधावे लागेल.