मार्चचा वारा आणि माणसाची वस्ती

वसंत म्हटला की आपल्या मनात आंब्याचा मोहोर, पळसाची फुले आणि कोकिळेचा स्वर येतो. दिवस मावळल्यावर मोकळ्या पटांगणात बसून चार शब्द ऐकावेत, असा हा ऋतू आहे आणि आपण आज तसे बसलोही आहोत. परंतु ऋतूचे नाव एक असले तरी त्याचा स्वभाव सर्व पृथ्वीवर एक नसतो. आज ज्या प्रदेशाची हकिगत मी सांगणार आहे, तेथे वसंताच्या आरंभी उघड्यावर सापडलेल्या माणसाच्या जिवाची शाश्वती नसते. हा प्रदेश म्हणजे अमेरिकेतील उत्तरेचे मैदान. रॉकी पर्वताच्या पूर्वेस नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा आणि त्यांच्या शेजारच्या राज्यांत ते पसरलेले आहे.

तेथला मार्च महिना इतका लहरी का, हे समजायला नकाशाकडे एकवार पाहिले म्हणजे पुरे. आपल्या उत्तरेस हिमालय आडवा उभा आहे. मध्य आशियातील थंडगार हवा तो अडवून धरतो. अमेरिकेतील रॉकी पर्वत मात्र उत्तर-दक्षिण गेलेला आहे. त्यामुळे उत्तर ध्रुवाकडची हवा दक्षिणेकडे आणि मेक्सिकोच्या आखातावरची दमट, उबदार हवा उत्तरेकडे येण्याला वाटेत कोणी अडवणारे नाही. मार्चमध्ये दक्षिणेकडे सूर्य तापू लागलेला असतो, उत्तरेकडे मात्र हिवाळा हटलेला नसतो. या दोन हवांची गाठ मैदानावर पडते. रॉकीच्या पायथ्याशी कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन पूर्वेकडे सरकू लागते. त्याच्या पुढच्या बाजूला दक्षिणेचा सुखद वारा असतो, बर्फ वितळत असतो, लोक अंगावरचे जाड कपडे उतरवतात. आणि मागच्या बाजूला वायव्येचा बोचरा वारा असतो. एकातून दुसऱ्यात जायला कधी कधी काही मिनिटे पुरतात. नव्याने पडणारे आणि जमिनीवरून उडालेले बर्फ एकत्र झाले की हात लांब केला तर बोटे दिसत नाहीत. यालाच तिकडे ब्लिझर्ड म्हणतात. तेव्हा त्या प्रदेशात सौम्य सकाळ ही पुष्कळदा वादळाचीच पहिली बाजू असते.

या मैदानाचे मूळचे रहिवासी हे ओळखून होते. लाकोटा लोकांच्या पंचांगात मार्चच्या सुमाराच्या महिन्याचे नाव ‘डोळे दुखण्याचा महिना’ असे आहे. बर्फावरून परतणाऱ्या उन्हाने डोळे सुजतात म्हणून. मिसूरी नदीकाठचे मंडन आणि हिदात्सा लोक उन्हाळ्यात उंच काठावरील मातीच्या घरांत राहत. हिवाळा आला की नदीलगतच्या झाडीत, वाऱ्याच्या आडोशाला वसवलेल्या दुसऱ्या गावात जात. वारा बदलता येत नाही, वस्ती बदलता येते, हे त्यांचे शहाणपण होते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे शहाणपण मोडले गेले. १८६२ साली होमस्टेड कायदा झाला. त्याने वसाहतवाल्यांना १६० एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली. अट अशी की, त्याने पाच वर्षे त्याच जमिनीवर राहून ती कसावी. सरकारी मोजणीदारांनी सारे मैदान चौकोनांत कापले. १६० एकरांच्या चौकोनाची एक बाजू अर्धा मैल भरते. म्हणजे घरे एकमेकांपासून दूर, उघड्या रानात, आणि शाळा त्याहून दूर. आपल्याकडे शेत गावाबाहेर असले तरी घर गावात असते; रात्री-अपरात्री हाक मारली तर शेजारी ओ देतो. तेथे कायद्यानेच माणसाला एकटे केले. आणि ही जमीन रिकामी नव्हती. तहांचे शब्द मोडून ती मूळच्या लोकांकडून घेतलेली होती. ज्यांना वाऱ्याची ओळख होती त्यांना हटवले आणि ज्यांना ती नव्हती त्यांना आणून वसवले, असा हा इतिहास आहे.

त्याची किंमत कोणी दिली? १५ मार्च १९२०, सोमवार. नॉर्थ डकोटातील सेंटर गावाच्या परिसरात त्या दिवशी बर्फ वितळू लागले होते. मग एकाएकी वादळ उठले. मुलांना घरी नेण्यासाठी एक शेतकरी घोड्यावर बसून शाळेत आला. आपली तीन मुले त्याने बर्फावरच्या घसरगाडीत बसवली, तिला घोडी जुंपली आणि आपला घोडा आणायला तो मागे वळला. तेवढ्यात घोडी चालू लागली आणि गाडी पांढऱ्या अंधारात नाहीशी झाली. पुढे गाडी उलटली. थोरली मुलगी हेझल मायनर, सोळाव्या वर्षातली. तिने धाकट्या भावाला व बहिणीला उलटलेल्या गाडीच्या आडोशाला निजवले, पांघरुणे घातली आणि स्वतः त्यांच्यावर आडवी झाली. झोप लागू नये म्हणून ती त्यांच्याशी बोलत राहिली, हातपाय हलवायला सांगत राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी शोधणाऱ्यांना गाडी सापडली. धाकटी दोघे जिवंत होती. हेझल गेली होती. १९३६ साली सेंटरच्या न्यायालयासमोर तिचे स्मारक उभारण्यात आले. ते पाहून मान लवते. पण मनात येते की, मुलांवर अशी वेळ येऊ न देणे हे मोठ्यांचे काम नव्हते काय?

अमेरिकेत सरकारी हवामान खाते नव्हते असे नाही. १८७० पासून तारायंत्राने निरीक्षणे गोळा होत होती आणि १८९१ मध्ये स्वतंत्र हवामान विभाग स्थापन झाला. पण अंदाज वर्तवणे एक आणि तो शेवटच्या घरापर्यंत वेळेवर पोचणे दुसरे. बरोबर एकवीस वर्षांनी, त्याच तारखेला, १५ मार्च १९४१ रोजी याचा पुन्हा प्रत्यय आला. तो शनिवार होता. सौम्य हवा पाहून लोक मोटारी घेऊन गावात, नाचगाण्याला, आप्तेष्टांकडे निघाले होते. संध्याकाळी वादळ कोसळले. नॉर्थ डकोटा व मिनेसोटा मिळून सत्तरच्या आसपास माणसे दगावली; त्यांतील कित्येक आपल्या अडकलेल्या मोटारीत वा तेथून चालत निघाल्यावर. आदल्याच नोव्हेंबरातही मिनेसोटाला अशाच एका वादळाने गाठले होते. तेव्हा या भागाचे अंदाज दूरच्या शिकागोहून येत. या दोन आघातांनंतर ते काम प्रदेशाच्या जवळ आणण्यात आले.

आता उपग्रह आले, रडार आले, तरी प्रश्न मिटला असे नाही. तेथली रेड नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वसंतात दक्षिणेचे बर्फ आधी वितळते, उत्तरेकडे मात्र पात्र गोठलेलेच असते, म्हणून पाणी तुंबते. १९९७ च्या एप्रिलच्या आरंभी वितळत्या बर्फावर आणखी एक ब्लिझर्ड आले. ग्रँड फोर्क्स शहराला पाणी ४९ फुटांपर्यंत चढेल असा अंदाज देण्यात आला होता. लोकांनी त्या आकड्याच्या भरवशावर बांध उंचावले. पाणी ५४ फुटांवर गेले. पन्नास हजारांच्या सुमारास लोकांना घरे सोडावी लागली. शास्त्रज्ञांना आपल्या अंदाजातील शंका ठाऊक होती. लोकांच्या हाती मात्र नुसता आकडा आला, त्यामागची शंका आली नाही.

या साऱ्यातून मला एवढेच दिसते. निसर्गाचा लहरीपणा पुरातन आहे. त्याने होणारी हानी मात्र आपण कोठे आणि कसे राहतो, एकमेकांना काय सांगतो, यावर ठरते. जो समाज आपले घर वाऱ्याचा स्वभाव पाहून बांधतो, आपल्या ज्ञानातील शंकाही लोकांपुढे प्रामाणिकपणे ठेवतो आणि इशारा अखेरच्या झोपडीपर्यंत पोचवतो, त्याच्या मुलांना हेझलसारखे शौर्य दाखवावे लागत नाही. शौर्याची स्मारके थोडी उभारावी लागणे, हीच त्या समाजाच्या शहाणपणाची खूण होय.