आठ आण्यांची विकेट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आधी रिलीज, मग रिलीजनंतरचे बग्ज, मग ते बग्ज फिक्स करताना घातलेले नवीन बग्ज... असो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आमच्या टीमची सहल खालापूरजवळच्या एका फार्महाउसवर गेली होती. मी पडलो कर्जतचा, म्हणजे बुकिंगपासून वड्यांच्या पार्सलपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. तिथे सिमेंटची विकेट होती आणि आमच्या दहा-बारा जणांत बॅटिंग सगळ्यांना हवी, बॉलिंग कोणालाच नको. केअरटेकर काकांनी मागच्या कातकरी वाडीतून एक पोरगा बोलावून आणला. वय सोळा-सतरा, अनवाणी, डावखुरा. दोन तास त्याने टेनिस बॉल टाकला. आमच्या मॅनेजरला तो तिसऱ्यांदा आउट केल्यावर मॅनेजर म्हणाला, "आता परत आउट केलंस तर पन्नास रुपये!" पोराने पुढच्याच ओव्हरला पन्नास रुपये घेतले. हशा, टाळ्या. आम्ही त्याला "ए बॉलर" म्हणत होतो. बॅटिंग करतोस का, असं कोणी विचारलं नाही. मीही नाही.

जेवायला बसलो तेव्हा तो पंपाच्या खोलीमागे, थर्माकोलच्या प्लेटमध्ये जेवत होता. आम्ही ओटीवर, स्टीलच्या ताटात. त्याला तिथे कोणी बसवलं नव्हतं. इकडे कोणी बोलावलंही नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर रामचंद्र गुहांचं २००२ साली आलेलं 'अ कॉर्नर ऑफ अ फॉरेन फील्ड' शेल्फवरून काढलं आणि बाळू पालवणकरची प्रकरणं परत वाचली. आजची पोस्ट त्याच्याबद्दल, आणि तीही त्याच्या सुरुवातीच्या वर्षांबद्दल. (एकेरी लिहितोय, कारण क्रिकेटवाल्यांना आपण एकेरीच बोलतो. सचिन म्हणतो, सचिनराव नाही.)

जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून. जात चांभार. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे पोरं पुण्यात वाढली. बाळू आणि त्याचा धाकटा भाऊ शिवराम क्रिकेट शिकले ते गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या सामानावर. शाळा लवकर सुटली आणि पहिली नोकरी लागली ती पुण्यातल्या पारश्यांच्या एका क्लबात. काम : खेळपट्टी झाडणं, रोलर फिरवणं, अधूनमधून मेंबरांना नेटमध्ये चेंडू टाकणं. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या आसपास तो युरोपियनांच्या पूना क्लबात गेला. तिथे ४ रुपये. जॉब स्विच केल्यावर ३३ टक्के हाइक, वाईट नाही!

कामंही वाढली. नेट बांधायचं, खेळपट्टी आखायची, टेनिसच्या कोर्टावर रेघा मारायच्या. ट्रॅस नावाच्या एका साहेबाने त्याला आपल्याला बॉलिंग करायला सांगितलं, आणि मग बाकीच्यांनाही सवय लागली. हा डावखुरा स्पिनर काही वेगळाच आहे हे लवकरच सगळ्यांना कळलं.

त्यांच्यातला मोठा मासा म्हणजे कॅप्टन जे. जी. ग्रेग. त्या काळी हिंदुस्थानात खेळणाऱ्या गोऱ्या बॅट्समनांत तो अगदी वरचा, पुढे हॅम्पशायर काउंटीकडूनही खेळला. (आणि त्यानंतर चक्क कॅथलिक पाद्री झाला. पण ती वेगळी पोस्ट.) 'जे. जी.'चा अपभ्रंश होऊन त्याचं टोपणनाव पडलं होतं 'जंगली'. हा ग्रेग इतरांच्या आधी मैदानावर यायचा आणि बाळूला तासन् तास बॉलिंग करायला लावायचा. बाळूने त्याला आउट केलं की दर विकेटमागे आठ आणे.

हिशेब करा. महिन्यात आठ वेळा ग्रेगला उडवलं की पगार डबल. परफॉर्मन्स-लिंक्ड व्हेरिएबल पे, १८९० च्या दशकात! पण गंमत बाजूला ठेवून बघा : प्रेसिडेन्सीतला जवळजवळ सर्वोत्तम बॅट्समन समोर, फलंदाजाला जेवढी विकेट प्यारी तेवढीच बॉलरला आठ आण्यांची गरज, आणि हे वर्षानुवर्षं. एवढी प्रॅक्टिस त्या वेळी हिंदुस्थानातल्या दुसऱ्या कुठल्या बॉलरला मिळत असेल असं मला वाटत नाही.

'लगान'मधला कचरा आठवतोय ना? बाळूचं नाव निघालं की लोक हमखास त्याच्याकडे जातात. मला तो सिनेमा प्रचंड आवडतो, पण इथे माझं भांडण आहे. कचऱ्याचा चेंडू वळतो तो त्याच्या अधू हातामुळे, म्हणजे योगायोगाने. बाळूच्या बाबतीत योगायोग काहीच नव्हता. ती मजुरी होती. साहेबाच्या बॅटिंगसाठी राबताना त्याने आपला चेंडू घडवला.

मात्र त्या सगळ्या वर्षांत साहेबांनी त्याला एकदाही बॅट हातात दिली नाही. आणि ही रीत काही फक्त हिंदुस्थानातली नव्हे. खुद्द इंग्लंडमध्ये खेळाडूंचे दोन वर्ग होते : हौशी ते 'जंटलमेन', पैसे घेणारे ते 'प्लेयर्स'. बॅटिंग ही पहिल्यांची शान, बॉलिंगचं ओझं बहुतेक दुसऱ्यांच्या पाठीवर. हा भेद कागदोपत्री मिटायला १९६२ साल उजाडलं. आज 'प्रोफेशनल' हा शब्द आपण लिंक्डइनवर ऐटीत मिरवतो. बाळूच्या काळात त्याचा अर्थ होता पगारी गडी.

तर, पुण्यातल्या हिंदूंच्या क्लबाला युरोपियनांना हरवायचं होतं. गावातला सगळ्यात भारी बॉलर गोऱ्यांच्याच नेटमध्ये बसलेला. घ्यावा की नाही? क्लबातले तेलुगू मेंबर घ्या म्हणत होते, मराठी ब्राह्मण मेंबर नको म्हणत होते. (आपल्या पुण्याबद्दल हे लिहायला मलाही बरं वाटत नाहीये.) बाळूला बाहेर ठेवाल तर तुम्ही मूर्ख, अशा अर्थाचं ग्रेगच जाहीर बोलला असं सांगतात. शेवटी घेतला.

आता खरी गंमत. मैदानात तो टाकत असलेला चेंडू सगळे झेलत होते, अडवत होते, हातात घेऊन घासत होते. टी-टाइम झाला की बाकीचे पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा घेणार आणि बाळूला पॅव्हेलियनच्या बाहेर, टाकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. तोंड धुवायचं तर पाणी एखाद्या अस्पृश्य नोकरानेच आणून द्यायचं. जेवण वेगळ्या ताटात, वेगळ्या टेबलावर. म्हणजे चेंडूला विटाळ नाही, कपाला आहे.

मग सातारा. तिथल्या गोऱ्यांच्या जिमखान्याने बाळूचा चेंडू वळू नये म्हणून आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला. ज्याने आयुष्याची पहिली कमाई रोलर ओढून केली, त्याच्यावर रोलरचा प्रयोग! बाळूने सात बळी घेतले, सामना हिंदूंनी जिंकला. पुण्यात सत्कार झाले. न्यायमूर्ती रानड्यांनी खेळाडूंना विचारलं ते असं : त्याच्याबरोबर खेळता, तर त्याच्याबरोबर खाता-पिता का येत नाही?

इथे मला एकदम मेलबर्न आठवलं. काही वर्षांपूर्वी ऑनसाइट होतो, तिथे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं वेड लागलं. त्यांच्या लीगमध्ये दर हंगामात 'सर डग निकोल्स राउंड' खेळतात, क्लबांच्या जर्सीवर आदिवासी चित्रकारांची डिझाइन्स असतात. हा निकोल्स १९०६ चा, कमरगंजा या आदिवासी वस्तीतला, उंची जेमतेम पाच फूट दोन इंच. १९२७ साली कार्लटन क्लबात नशीब काढायला गेला, तर तिथले ट्रेनर त्याच्या काळ्या अंगाला मालिश करायला तयार नव्हते असं सांगतात. मग तो नॉर्थकोटकडून खेळला, पोटासाठी पैशांच्या शर्यती धावला, जत्रेच्या तंबूत बॉक्सिंग केलं. १९३२ मध्ये फिट्झरॉयने घेतलं. तिथेही तो कपडे बदलायच्या खोलीत एका कोपऱ्यात एकटाच असायचा, तेव्हा हेडन बंटन हा क्लबाचा सगळ्यात मोठा स्टार उठून त्याच्या शेजारी जाऊन बसला. पुढे निकोल्स 'सर' झाला, १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नरही.

बाळूच्या पुण्याच्या टीममध्ये बंटन नव्हता. उठून बाहेर जाऊन मातीच्या भांड्यातून चहा प्यायला एकही जण गेला नाही. गेला असता तर त्याचं नाव आज आपल्याला पाठ असतं.

प्लेगच्या वर्षांत, १८९६-९७ च्या सुमाराला, बाळूने पुणं सोडलं. रेल्वेने मुंबईला यायचं तर आमच्याच बोरघाटातून, खंडाळ्याहून खाली कर्जतला. डेक्कनमध्ये बसून पळसदरीचं वळण येतं तेव्हा मला हल्ली हटकून त्याची आठवण येते. मुंबईत पी. जे. हिंदू जिमखान्यात काही गुजराती मेंबरांनी परत तोच घोळ घातला, पण कप्तान कीर्तिकर अडून बसले आणि त्याला टीममध्ये घेतलं. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी मिळाली, रेल्वेच्या टीमकडूनही तो खेळला. मुंबईतल्या टीमबरोबर त्याचं खाणं-पिणंही एकत्र होऊ लागलं.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं. बाळूचे आठ बळी. १९११ साली पतियाळाच्या महाराजांची टीम इंग्लंडला गेली तेव्हा बाळू पस्तिशीला टेकलेला, खांदा दुखरा, आणि तरी दौऱ्यात ११४ बळी, सरासरी १८.८४. कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी, १५.२१ च्या सरासरीने. हिंदूंचा कप्तान मात्र त्याला कधी केलं नाही. तो मान १९२३ मध्ये त्याच्या धाकट्या भावाला, विठ्ठलला मिळाला. पुढे बाळू राजकारणात आला, १९३७ मध्ये काँग्रेसतर्फे थेट डॉ. आंबेडकरांच्या विरोधात उभा राहिला आणि दोनेक हजार मतांनी हरला. त्या निवडणुकीवर मी अजून पुरेसं वाचलेलं नाही, तेव्हा गप्प बसतो.

जानेवारीत कॉलेजच्या ग्रुपबरोबर परत त्याच फार्महाउसवर गेलो. या वेळी मी काकांना आधीच फोन केला होता, तो डावखुरा पोरगा आमच्याकडून खेळेल, पहिली बॅटिंग त्याची, असं सांगून. एक जास्तीची बॅटही नेली होती. गेल्यावर काका म्हणाले, "तो कुठला आता? दिवाळी झाली की वाडीच रिकामी होते. आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेला. येईल पावसाच्या तोंडाला."

नाव काय त्याचं, मी विचारलं. काकांना आठवेना. त्यांनी दुसऱ्या एका पोराला बॉलिंगला बोलावलं.