बॅकरेस्ट, क्रूझर मोटारसायकलचा

मोटारसायकलवर मागे बसणाऱ्याच्या कमरेला व पाठीला आधार देणारी, धातूच्या सांगाड्यावर बसवलेली गादी. क्रूझर गाडीचे आसन सखल असते आणि चालक ताठ किंवा किंचित मागे रेलून बसतो. मागच्याला पुढे वाकून त्याचा आधार घेता येत नाही, त्यामुळे या गाड्यांवर बॅकरेस्टची गरज अधिक भासते. या नोंदीत अमरावती जिल्ह्यातील परतवाडा परिसरातील वापर लक्षात घेऊन त्याचे कमी खर्चाचे पर्याय दिले आहेत.

पार्श्वभूमी : अमेरिकेत १९६० च्या दशकात चॉपर गाड्यांवर मागे उंच दांडी लावण्याची पद्धत रुळली, तिला ‘सिसी बार’ म्हणतात. भारतात बजाज ऑटोने कावासाकीच्या सहकार्याने २००१ मध्ये एलिमिनेटर आणली आणि २००५ मध्ये तिच्या जागी १८० सीसीची अ‍ॅव्हेंजर आली. रॉयल एनफील्डची थंडरबर्ड २००२ ची. पुढे अ‍ॅव्हेंजर २२० च्या क्रूझ प्रकाराला बॅकरेस्ट कंपनीतूनच मिळू लागला, स्ट्रीट प्रकाराला मात्र नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या रॉयल एनफील्डच्या मीटिओर ३५० च्या स्टेलर व सुपरनोव्हा प्रकारांनाही तो कंपनीतून आहे, फायरबॉलला नाही. एकाच गाडीचे असे दोन प्रकार असल्यामुळे बॅकरेस्ट नंतर बसवून घेणारे पुष्कळ असतात.

परतवाड्यातील गरज : अचलपूरचे जुळे शहर असलेले परतवाडा सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. येथून अमरावती सुमारे ५० किमी, तर १,११८ मी. उंचीवरील चिखलदरा साधारण ३० किमी. सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीचा रस्ताही घाटाचाच. बहिरमची यात्रा, मुक्तागिरी, नातेवाइकांकडचे कार्य अशा कारणांनी डबलसीट प्रवास नित्याचा असतो. ८ टक्के चढावर ६० किलो वजनाच्या व्यक्तीला मागे ओढणारा भार साधारण ५ किलोइतका असतो. गाडी झटक्याने निघाली की तो कितीतरी वाढतो. हा भार मागचा माणूस हातांनी आणि पोटाच्या स्नायूंनी पेलतो व तासाभरात थकतो. बॅकरेस्ट तो भार स्वतःवर घेतो. उतारावर आणि ब्रेक लावल्यावर शरीर पुढे जाते, तेव्हा त्याचा उपयोग नाही. तेथे हाताची पकडच लागते.

रचना : बॅकरेस्टचे तीन भाग असतात : गाडीला जोडणारा ब्रॅकेट, उभा पाइप आणि गादी. गादी डोळ्यांत भरते, पण सुरक्षितता ब्रॅकेटवर अवलंबून असते. बोल्टपासून ३० सेंमी उंचीवर १५ किलोचा रेटा आला आणि दोन बोल्टमधले अंतर १० सेंमी असेल, तर एका बोल्टवर ४५ किलोची ओढ येते. खड्ड्यात ती आणखी वाढते. म्हणून ब्रॅकेट सीटखालच्या चौकटीच्या मूळ बोल्टांवर, दोन्ही बाजूंनी आणि प्रत्येक बाजूस किमान दोन ठिकाणी बांधलेला असावा. केवळ मडगार्डच्या पत्र्यावर कसलेला बॅकरेस्ट घेऊ नये.

कमी खर्चाचे पर्याय : (१) त्याच मॉडेलसाठी बनवलेला तयार बॅकरेस्ट. बोल्टची छिद्रे जुळतात, कापाकापी लागत नाही. कंपनीच्या सुट्या भागांत ब्रॅकेट आणि गादी वेगवेगळी विकली जाण्याची पद्धत आहे, त्यामुळे किंमत विचारताना दोन्हींची विचारावी. ब्रॅकेट कंपनीचा आणि गादी स्थानिक सीट-कव्हरवाल्याकडची, ही जोडी स्वस्त आणि भरवशाची ठरते. (२) जुना भाग. त्याच मॉडेलच्या मोडीत निघालेल्या गाडीचा बॅकरेस्ट मिळाल्यास उत्तम. मात्र वेल्डच्या सांध्याजवळ तडा किंवा आतून गंज नाही ना, हे पाहावे. (३) वेल्डिंगच्या दुकानात करून घेतलेला. पाऊण इंची, २ मिमी जाडीचा पोलादी पाइप पुरतो. क्रोमऐवजी पावडर कोटिंग केल्यास खर्च घटतो. वेल्डिंग सुटा भाग बाकावर ठेवूनच करावे. गाडीच्या चौकटीवर कधीही करू नये, कारण उष्णतेने पोलाद कमजोर होते. (४) गादी जोडलेली मागची पेटी. सामान आणि टेकण्याची सोय एकत्र होते, पण वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे जाते. घाटात भरलेल्या पेटीने पुढचे चाक हलके पडते.

माप : माप गाडीचे नव्हे, बसणाऱ्याचे घ्यावे. चालक आणि मागचा दोघेही हेल्मेट घालून बसल्यावर गादीचा मध्य कमरेच्या खोलगट भागाशी, सीटपासून साधारण २० सेंमीवर यावा. गादी किंचित मागे कललेली असावी. फार उंच दांडीमुळे पाय टाकून बसणे अवघड होते. साडी नेसणाऱ्या स्त्रियांना आणि वृद्धांना हा त्रास अधिक. एका बाजूला बसणाऱ्या स्त्रीच्या पाठीला त्याचा आधार मिळत नाही, गादी कुशीला लागते. तिच्यासाठी हाताला धरता येईल अशी दांडी अधिक उपयोगी.

कायदा : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम १२८ नुसार मागे एकच व्यक्ती, पक्क्या बसवलेल्या आसनावर बसू शकते, कलम १२९ नुसार हेल्मेट हवे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम १२३ प्रमाणे मागच्यासाठी हाताची पकड, पायटेका आणि चाकाला आच्छादन आवश्यक आहे. काही स्वस्त बॅकरेस्ट मूळ पकड काढून तिच्या जागी बसतात. असे करताना दुसरी पकड राहिलीच पाहिजे. नंबरप्लेट आणि मागचा दिवा झाकला जाता कामा नये. चार वर्षांखालील मुलाला सुरक्षा पट्टा व हेल्मेट लागते आणि वेगमर्यादा ताशी ४० किमी आहे. बॅकरेस्ट त्या पट्ट्याची जागा घेऊ शकत नाही.

देखभाल : वऱ्हाडच्या उन्हाळ्यात काळे रेक्झिन चटके देते, म्हणून फिकट रंग निवडावा. चिखलदऱ्याच्या पावसात शिवणीतून पाणी फोममध्ये शिरते व प्लायची फळी फुगते; शिवण गादीच्या खालच्या बाजूला घ्यावी आणि फळीऐवजी पत्रा किंवा प्लास्टिकचा पाया वापरावा. बसवल्यानंतर पहिल्या लांब प्रवासाअंती बोल्ट पुन्हा कसावेत, पुढे प्रत्येक सर्व्हिसिंगला तपासावेत. खर्च कमी करायचा असेल तर तो चकाकीत आणि गादीच्या सजावटीत कमी करावा. ब्रॅकेट, पाइपची जाडी आणि बोल्ट यांत काटकसर करू नये, कारण मागे बसलेल्याचा सगळा भरवसा त्यांच्यावर असतो.